पूर्वेतिहास : विशेष नाही

वैद्यकीय महाविद्यालयात ‘हिस्टरी घेणे’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थापाशी कोणी थांबत नाही. रुग्ण खाटेवर असतो. विद्यार्थी शेजारी स्टुलावर बसतो, विचारतो आणि लिहून घेतो. मुख्य तक्रार काय, केव्हापासून, याआधी कोणते आजार झाले, घरात कोणाला काही आहे का, भूक, झोप, व्यसन. या मजकुराला आम्ही हिस्टरी म्हणतो. माणसाचा इतिहास असा पानभर जागेत बसवायचा असतो, आणि तो बसवता आला की विद्यार्थी पहिली पायरी चढला असे समजतात.

माझी त्या वर्षाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानांवर एका मुलीची हिस्टरी आहे. वय १९, विवाहित, शेतमजुरी. तक्रार: चालताना दम लागणे, रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप न येणे, खोकला. पुढच्या ओळीत, मूळ इंग्रजीत, मी लिहिले आहे, ‘पूर्वेतिहास : विशेष नाही’. त्या ओळीखाली लाल शाईने एक रेघ आहे आणि समासात सरांच्या अक्षरात एकच शब्द, ‘निशाळ?’ हा लेख त्या लाल शब्दाविषयी आहे. पण तिथे पोचण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

आमचे घराणे तीन पिढ्या गुजरातेत. घरात मराठी, दारात गुजराती. मी शिकले तेही गुजरातेतल्याच एका सरकारी रुग्णालयात. पहिले दीड वर्ष शरीररचना आणि शरीरक्रिया यांत गेले, म्हणजे प्रेते आणि पुस्तके यांच्या सोबतीत. मग एका पावसाळ्यात आम्हा बारा जणांची पहिली पोस्टिंग लागली, ती स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात. इस्त्रीचा ॲप्रन, नवा स्टेथोस्कोप आणि मनात एकच भीती : आपल्याला काही येत नाही हे रुग्णाला कळेल.

पहिल्याच आठवड्यात ती मुलगी दाखल झाली. वॉर्डात तिला कोणी नावाने ओळखत नसे. ती ‘चौदा नंबरची मायट्रल’ होती. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी झडप असते तिला मायट्रल म्हणतात. तिची ती झडप अरुंद झाली होती. अशा झडपेतून रक्त जाताना एक खोल, घरघरता आवाज होतो. तो फार हलका असतो. ऐकण्यासाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, श्वास सोडून रोखून धरायला सांगायचे आणि स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू छातीवर अलगद टेकवायची. दम लागणाऱ्या मुलीने बारा विद्यार्थ्यांसाठी बारा वेळा कुशीवर वळून श्वास रोखून धरला. तिला कोणी ‘चालेल का’ असे विचारले नाही. मीही नाही. माझा आठवा नंबर होता.

मला काहीही ऐकू आले नाही. माझ्याच कानातली धडधड तेवढी ऐकू आली. सरांनी विचारले, ‘ऐकू आला?’ मी म्हटले, ‘हो सर.’ मी बाजूला होताना ती माझ्याकडे पाहत होती. हळूच म्हणाली, ‘बेन, संभळायुं?’ तिलाही मी ‘हा’ म्हटले. एका मिनिटात दोनदा खोटे बोलले, आणि त्यातले दुसरे मला आजही जड जाते.

आता या खाटेच्या इतिहासाकडे. विद्यार्थ्याने रुग्णाच्या उशापायथ्याशी उभे राहून शिकायचे, ही रीत आपल्याला सनातन वाटते. पण तिची एक वाटचाल आहे, आणि बरीचशी नोंदलेली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिष्याने शस्त्रकर्माचा सराव आधी भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा असे सांगितले आहे. म्हणजे नवशिक्या हाताची पहिली चूक माणसाच्या अंगावर होऊ नये, हा विचार जुना आहे. पण आजची वॉर्डातली शिकवणी आली ती दुसऱ्या वाटेने. सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे जोव्हान्नी बात्तिस्ता दा मोंते हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना रुग्णालयात नेऊन खाटांपाशी शिकवू लागले. तिथून ही पद्धत हॉलंडमधील लायडन येथे गेली. तिथे १७१४ पासून हर्मन बूरहाव्ह शिकवत. त्यांच्या शिकवणीसाठी राखलेल्या खाटा होत्या फक्त बारा, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. या बारा खाटांभोवती युरोपभरचे विद्यार्थी उभे राहिले. त्यांपैकी एक, जॉन रुदरफर्ड, यांनी १७४८ मध्ये एडिंबरोच्या रुग्णालयात तशीच व्याख्याने सुरू केली. राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या मोठमोठ्या रुग्णालयांनी तीच गोष्ट शेकडो खाटांवर नेली.

या खाटांवर कोण होते? हा प्रश्न विचारला की इतिहासाचा रंग बदलतो. त्या काळी ज्याच्याकडे पैसा होता तो घरी आजारी पडत असे. डॉक्टर त्याच्याकडे जाई. रुग्णालयात येत ते निर्धन, निराधार, परगावचे मजूर, मोलकरणी. त्यांच्याकडून औषधाचे पैसे घेत नसत. पण त्या बदल्यात त्यांचे अंग विद्यार्थ्यांना पाहायला, चाचपायला मिळे, आणि पॅरिसमध्ये तर मृत्यूनंतर उघडून बघायलाही. असा करार कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तो गृहीत होता.

स्टेथोस्कोपची गोष्ट याच पॅरिसची आहे. १८१६ मध्ये नेकेर रुग्णालयातील डॉक्टर रने लाएनेक यांच्याकडे एक तरुण स्त्री आली. लक्षणे हृदयविकाराची. ती स्थूल असल्यामुळे हाताने तपासून किंवा छातीवर बोट वाजवून काही कळेना. तिचे वय पाहता छातीला थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. कान लावून ऐकले असते त्याहून स्पष्ट ठोके ऐकू आले. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि लाएनेक यांचे नाव अजरामर झाले. त्या स्त्रीचे नाव मात्र त्यांनी दिलेले नाही. तिला काय झाले होते, ती बरी झाली का, याकडे ही गोष्ट सांगणारे वळतच नाहीत. जगातल्या प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात जी नळी असते तिची सुरुवात एका तरुण हृदयरोगी स्त्रीपासून झाली, एवढेच उरले आहे.

हिंदुस्थानात ही शिकवणी आली ती १८३५ मध्ये, कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा. त्या कॉलेजचा विषय निघाला की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले आणि विटाळाची भिंत ओलांडली. प्रसंग मोठा होता यात शंका नाही. पण मला नेहमी वाटते, पहिल्या प्रेताची आठवण आपण इतकी जपली, मग पहिल्या जिवंत रुग्णाची का नाही? त्या पहिल्या मुलांपैकी कोणी तरी एके दिवशी वॉर्डात जाऊन कोणा अनोळखी माणसाचे मनगट हातात घेतले असेल. वेगळ्या जातीच्या, कदाचित वेगळ्या धर्माच्या, तापाने तापलेल्या, घाबरलेल्या माणसाचे. तेही ओलांडणेच होते. आणि प्रेताला नसते ती गोष्ट या माणसाला होती : त्याचे स्वतःचे मत. तो हात मागे घेऊ शकत होता. त्याने घेतला नाही, म्हणून शिक्षण पुढे गेले.

मुंबईची साखळी तर सलग दाखवता येते. तिथे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून आणि कंपनी सरकारच्या पैशातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या शेजारी. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड एडिंबरोचे पदवीधर. पुढे ते पॅरिसला पिएर लुई यांच्या हाताखाली शिकले होते. लुई म्हणजे रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवून, त्या मोजून निष्कर्ष काढणारे वैद्य. एडिंबरो आणि पॅरिस या दोन्ही ठिकाणचा संस्कार मोरहेड यांच्या हातून भायखळ्याच्या वॉर्डात उतरला. १८५६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा आधार होता मुंबईच्या युरोपियन रुग्णालयातील आणि जीजीभाई रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदी. मुंबईच्या मजुरांची, खलाशांची, भिक्षेकऱ्यांची दुखणी अशी पुस्तकात गेली.

१८५१ मध्ये या कॉलेजातून पहिले विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांत आत्माराम पांडुरंग होते, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. आणि भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजींनी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर औषध शोधण्यात वर्षे घालवली, आणि त्याच वेळी अजिंठ्याचे लेख व जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख वाचण्याचे काम केले. एकच माणूस डॉक्टरही आणि इतिहाससंशोधकही, याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. झिजलेल्या दगडावर अर्धे अक्षर दिसते, उरलेले अंदाजाने भरायचा मोह होतो, आणि तो मोह आवरून पुन्हा पाहावे लागते. खाटेपाशी याहून वेगळे काय करायचे असते?

या खाटांपाशी उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना मिळायला मात्र वेळ लागला. १८६९ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रात्यक्षिक व्याख्यानाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे फेकले. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सोबतिणींना परीक्षेच्या दारात जमावाने अडवले. स्त्रियांनी प्रेत पाहावे की नाही यापेक्षा पुरुषांच्या शेजारी उभे राहून उघडे अंग पाहावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. मद्रासला १८७५ मध्ये मेरी शार्लिब आणि आणखी तिघींना प्रवेश मिळाला. फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग वाट पाहत होता. त्या तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसाव्या वर्षाच्या आत, त्या गेल्या. त्यांनी या वाटेवर पाऊल टाकले ते स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावल्यानंतर. म्हणजे खाटेवरची बाजू त्यांनी आधी पाहिली होती आणि स्टुलावरची नंतर. आम्हा बहुतेकांचे उलटे होते.

आता पुन्हा चौदा नंबरकडे येते.

दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले. मी माझी हिस्टरी वाचून दाखवली. पूर्वेतिहास विशेष नाही म्हटल्यावर त्यांनी मला थांबवले. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का, हे मी विचारले होते. पुस्तकात तसे विचारायला सांगितले आहे. तिने ‘ना’ म्हटले होते. सर खाटेच्या कडेला टेकले आणि गप्पा मारल्यासारखे तिला म्हणाले, ‘केटलुं भणी, बेटा?’

‘त्रण चोपडी.’ म्हणजे तिसरीपर्यंत.

‘निशाळ केम छोडी?’

‘ढींचण सूजी गया हता. पछी घूंटी. चलातुं नहोतुं.’ आधी गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे सुजले. चालवेना. शाळा लांब होती. दोन महिने घरी राहिली आणि मग कोणी पाठवलेच नाही.

एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी सूज आणि ताप : संधिवाताचा ताप पुस्तकात असाच लिहिलेला असतो. घशाच्या जंतुसंसर्गानंतर मुलांना होणारा हा आजार. सांधे पुढे आपोआप बरे होतात, कुठे खूण राहत नाही. पण हृदयाच्या झडपा सुजतात, आणि वर्षानुवर्षे आक्रसत जातात. तेव्हा कोणी ओळखले असते तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन देत राहायचे होते, म्हणजे तो ताप पुन्हा उलटला नसता आणि झडप वाचण्याची शक्यता होती. तिच्या लेखी तो आजार नव्हताच. शाळा सुटल्याची ती गोष्ट होती. मी आजार विचारला, म्हणून मला ‘नाही’ असे खरे उत्तर मिळाले. सरांनी तिचे आयुष्य विचारले, आणि आजार तिथे बसलेलाच होता. त्यांनी मला रागावले नाही. वही घेतली, लाल रेघ ओढली, एक शब्द लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आपल्या जुन्या वैद्यकात रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे. प्रश्नाला स्पर्शाच्या बरोबरीचे स्थान आहे. लहानपणी आजोबांच्या तोंडून ते ऐकले होते. त्या दिवशी प्रश्नालाही हात असतो, आणि तो चुकीच्या जागी ठेवला तर खाली काही लागत नाही, हे कळले.

संध्याकाळी मी एकटी वॉर्डात गेले. भेटीची वेळ संपली होती, तिची सासू डबा धुवायला गेली होती. मी स्टुलावर बसले आणि म्हटले, काल मी खोटे बोलले, मला काही ऐकू आले नव्हते. ती हसली. मग मी काही न सांगता स्वतःच डाव्या कुशीवर वळली. आम्ही बारा जणांनी तिला तेवढे शिकवले होते. मी विचारले, त्रास होत असेल तर नको. ‘मूको,’ म्हणाली, ठेवा. मी स्टेथोस्कोप टेकवला. काही नाही. तेव्हा तिने माझे बोट धरले आणि दोन बोटे रुंदीभर बाहेरच्या बाजूला सरकवले. ‘मोटा साहेब अहीं मूके छे.’

तिथे तो होता. लांब कुठे तरी जाते फिरावे तसा, ठोक्यांच्या मधल्या फटीत. मी चेहऱ्यावरून लपवू शकले नसेन, कारण ती लगेच म्हणाली, ‘संभळायुं ने? शुं बोले छे?’ मी म्हटले, घंटी फिरते आहे. तिने थोडा विचार केला आणि विचारले, ‘ए बंध थशे?’

ते थांबेल का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी म्हटले, सर सांगतील. बहुधा प्रत्येक डॉक्टरने रुग्णाला पहिल्यांदा दिलेले प्रामाणिक उत्तर हेच असते.

त्या काळी बंद हृदयावर शस्त्रक्रिया करून अशी झडप रुंद करत. त्यासाठी तिला मोठ्या शहरात पाठवायचे ठरत होते. तेवढ्यात आमची पोस्टिंग बदलली, आम्ही सर्जरीकडे गेलो. दोन आठवड्यांनी मी डोकावले तर चौदा नंबरवर दम्याच्या एक आजी होत्या. रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘रजा दिली’ असे होते. कुठे गेली, शस्त्रक्रिया झाली की नाही, हे मी त्या दिवशी कोणाला विचारले असते तर कदाचित कळले असते. मला लेक्चरला उशीर होत होता. लाएनेक यांनी त्या स्त्रीचे नाव लिहिले नाही म्हणून मी आता त्यांच्याबद्दल काही म्हणू शकत नाही. मी तर माझ्या वहीतसुद्धा ‘चौदा’ एवढेच लिहिले आहे.

पुढे मी स्वतः शिकवू लागले. २०१९ पासून देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे रीतसर तास आले. सुरुवातीच्या काळात स्थानिक भाषेची ओळखही करून देतात. ही चांगली गोष्ट आहे. विद्यार्थी आता तपासण्याआधी परवानगी विचारतात, पडदा ओढतात, हात चोळून ऊबदार करतात. काही गोष्टी मात्र तशाच आहेत. ज्याला परवडते तो आजही अशा रुग्णालयात येतो की जिथे त्याच्या खाटेभोवती बारा मुले उभी राहत नाहीत. शिकण्याच्या खाटा अजून प्रामुख्याने गरिबांच्याच आहेत. या देशातला जवळजवळ प्रत्येक डॉक्टर, पुढे तो कोणाचाही आणि कितीही पैशांचा इलाज करो, आपला हात पहिल्यांदा त्यांच्याच अंगावर ठेवून शिकलेला असतो.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी वॉर्डात नेते तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगते. ऐकू आले नाही तर आले नाही म्हणा. आणि हिस्टरीच्या छापील रकान्यांत नसलेला एक तरी प्रश्न विचारा, शाळा का सुटली, काम का बदलले, गाव का सोडले. उत्तर लिहायला रकाना नसला तर समासात लिहा. आणि त्या पानाच्या वर, नंबराच्या आधी, नाव.